कंस कळला की पाकळी कळली

नवरात्राला महिना उरला की घाटकोपर पूर्वेच्या शिंप्यांच्या दुकानांत चनिया-चोळीच्या कापडाचे ढीग लागतात. तिथं थोडा वेळ उभं राहून कटिंग मास्तरचे हात पाहावेत. तो कापडाची घडी घालतो, टेपचं एक टोक कोपऱ्यावर अंगठ्यानं दाबून धरतो आणि दुसरं टोक खडूसकट फिरवत नेतो. आधी कंबरेची लहान कमान, मग घेराची मोठी. त्याच्याजवळ कोनमापक नसतो आणि त्याला तो लागतही नाही. कंबर किती, उंची किती, खाली घेर किती, एवढ्यावर त्याचं सगळं काम भागतं. कंबर आणि घेर म्हणजे दोन वर्तुळकंसांच्या लांब्या. कापलेलं कापड म्हणजे एका मोठ्या वर्तुळपाकळीतून लहान पाकळी काढून उरलेला पट्टा.

या दुकानापासून हाकेच्या अंतरावर एखाद्या घरात दहावीचं मूल 'महत्त्वमापन' हे प्रकरण उघडून बसलेलं असतं आणि त्याच पाकळीशी झगडत असतं. कंसाची लांबी दिली आहे, त्रिज्या दिली आहे, क्षेत्रफळ काढायचं आहे. मूल आधी कोन शोधायला निघतं.

या एका प्रश्नाचा आढावा घ्यावासा वाटला, कारण घाटकोपरला माझ्याकडे भूमितीला बसणारी बहुतेक मुलं याच ठिकाणी लांबचा रस्ता धरतात. त्यात त्यांची चूक फारशी नाही. आपण त्यांना ज्या क्रमानं शिकवतो, त्या क्रमातच तो रस्ता आहे.

शाळेतला क्रम असा. पूर्ण वर्तुळाचा कोन 360 अंश, आपल्या पाकळीचा केंद्रीय कोन θ. म्हणून पाकळीचं क्षेत्रफळ θ/360 × πr². मग कंसाची लांबी, θ/360 × 2πr. त्यानंतर या दोन सूत्रांची सांगड घालून तिसरं सूत्र येतं: क्षेत्रफळ बरोबर कंसाची लांबी गुणिले त्रिज्या, भागिले दोन. पाठ्यपुस्तक हे तिसरं सूत्र देतं, सिद्धही करून दाखवतं. पण तिसऱ्या क्रमांकावर आलेली गोष्ट मुलांच्या मनात शेपटासारखी राहते. पहिली दोन पाठ, तिसरं वाचलं होतं कधीतरी.

एक उदाहरण घेऊ. त्रिज्या 21 सेमी, कंस 22 सेमी. सरळ गेलं तर 22 × 21 ÷ 2, म्हणजे 231 चौरस सेमी. तोंडी हिशेब. लांबच्या रस्त्यानं जाणारं मूल आधी कोन काढतं. π साठी 22/7 घेतलं तर कोन नेमका 60 अंश येतो, उत्तरही 231 च येतं आणि कष्ट सोडून काही बिघडत नाही. पण प्रश्नात π = 3.14 घ्या असं म्हटलेलं असेल, तर 7920 ला 131.88 ने भागावं लागतं आणि कोन येतो 60.05 च्या जवळपास. मूल त्याला 60 करतं, पुढे 3.14 × 441 ला सहाने भागतं आणि उत्तर लिहितं 230.79. फरक अगदी थोडा, पण तो आला कुठून हे मुलाला कळत नाही. या प्रश्नात π ची गरजच नव्हती. ती कंसाच्या लांबीत आधीच सामावलेली होती. आपण ती आत आणली, मग बाहेर काढली आणि या ये-जा करण्यात थोडं सांडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की तिसरं सूत्र पहिलं असायला हवं. वयानंही ते मोठं आहे.

π ही खूण वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी पहिल्यांदा वापरली विल्यम जोन्स यांनी, 1706 साली. त्याआधीची दोन हजार वर्षं वर्तुळाचं क्षेत्रफळ तिच्याशिवाय काढलं जात होतं, आणि ते काढण्याची भाषा परिघाची होती. आर्किमिडीजनं सिद्ध केलं की वर्तुळाचं क्षेत्रफळ एका काटकोन त्रिकोणाएवढं असतं. त्या त्रिकोणाची एक बाजू त्रिज्या आणि दुसरी पूर्ण परीघ. पुढे अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं आर्किमिडीजचाच हवाला देऊन हेच पाकळीसाठी सांगितलं: कंस आणि त्रिज्या यांच्या आयताच्या निम्मी पाकळी. आर्यभटानं 499 साली आर्यभटीयात वर्तुळाचं फळ सांगितलं ते अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास असं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, 1150 साली, व्यासाचा चौथा भाग गुणिले परीघ असा नियम आहे. सगळी माणसं एकच गोष्ट बोलत होती. परीघ मोजा, त्रिज्या मोजा, गुणा, निम्मे करा. परिघाच्या जागी त्याचा तुकडा घेतला तर वर्तुळाच्या जागी पाकळी मिळते. वेगळं काही शिकावं लागत नाही.

भास्कराचार्य आपल्याला तसे जवळचे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख तिथल्या देवळात आहे आणि तो अभ्यासकांपुढे आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पण भास्कराचार्यांनी लीलावतीत नियम दिला, कारण दिलं नाही. पद्यात गोवलेल्या नियमाला तेवढी जागाच नसते. कारण शोधायला आणखी चारशे वर्षं पुढे आणि कोकणात खाली उतरावं लागतं.

रायगड जिल्ह्यात मुरुडच्या वाटेवर नांदगाव आहे. तिथं 1507 साली गणेश दैवज्ञ जन्मले. पंचांगवाल्यांना ते 'ग्रहलाघव'कार म्हणून ठाऊक असतात. 1545 साली त्यांनी लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. भास्कराचार्यांनी जे नुसतं सांगितलं, ते खरं का हे या टीकेत ते दाखवत जातात. वर्तुळाच्या क्षेत्रफळापाशी आल्यावर ते जे करायला सांगतात ते आजही वर्गात कात्री घेऊन करता येतं. वर्तुळाचे दोन समान भाग करा. प्रत्येक अर्ध्याचे मध्यापासून कडेपर्यंत हवे तितके बारीक समान तुकडे करा, पण कडेला ते जोडलेले राहू द्या. मग कड ताणून सरळ करा. दोन्ही अर्ध्या भागांच्या आता दातेरी करवती झाल्या. एका करवतीचे दात दुसरीच्या फटींत बसवा. तयार होतो एक आयत. त्याची लांबी अर्धा परीघ, रुंदी त्रिज्या.

हेन्री कोलब्रुक यांनी 1817 साली लीलावतीचं इंग्रजी भाषांतर लंडनला छापलं, तेव्हा तळटीपेत गणेशांची ही युक्ती दिली. केरळात 1530 च्या सुमारास ज्येष्ठदेवानं मलयाळममध्ये लिहिलेल्या 'युक्तिभाषे'तही हीच रीत आहे. म्हणजे कोकण आणि केरळ, पश्चिम किनाऱ्याची दोन टोकं एकाच पिढीच्या अंतरात एकाच कात्रीनं वर्तुळ कापत होती. दोघांची काही देवाणघेवाण झाली होती असं मला म्हणायचं नाही. पण मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात, हे मी पाहिलं आहे. नांदगाव अलिबागच्या पुढे आहे, तिथं त्यांच्यातल्या कुणाचा मामा राहत असतो.

या युक्तीचं मर्म एका ओळीत मावतं: पाकळी म्हणजे पाया वाकलेला त्रिकोण. त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंची भागिले दोन. पाकळीचा पाया म्हणजे कंस, उंची म्हणजे त्रिज्या. पाकळीचे शंभर बारीक काप केले तर प्रत्येक काप जवळजवळ त्रिकोणच असतो, आणि त्या सगळ्यांची उंची एकच, त्रिज्येएवढी. पाये मिळवले की कंस होतो. काप जितके बारीक, तितकं 'जवळजवळ' कमी होत जातं आणि शेवटी उरत नाही.

दुसरी एक समजूत बाराव्या शतकात बार्सिलोनाच्या अब्राहम बार हिय्या यांनी लिहून ठेवली आहे, आणि ती मला स्वयंपाकघराच्या जास्त जवळची वाटते. वर्तुळ म्हणजे एकात एक बसलेली कडी, आडव्या कापलेल्या कांद्यासारखी. मध्यापासून कडेपर्यंत एक छेद द्या आणि सगळी कडी उलगडून सरळ करा. सगळ्यात बाहेरचं सगळ्यात लांब, आतली क्रमानं आखूड, मध्याचं शून्य. रचली की त्रिकोण झाला. पाकळीचंही तेच होतं, फक्त प्रत्येक कडं अपुरं असतं. अकरावी-बारावीत गेलेल्या मुलाला इथं कलनाची पहिली पायरी दिसायला लागते. त्याच वयात त्याला रेडियन भेटतं. 1873 मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांच्या प्रश्नपत्रिकेत हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. रेडियन म्हणजे कोन मोजायचा तोच मुळी कंसानं: कंस त्रिज्येच्या किती पट आहे तो कोन. तिथं 360 गळून पडतं.

आता पुन्हा शिंप्याकडे. अर्धगोल घेराचा घागरा घेऊ. कंबर 28 इंच, उंची 36 इंच. अर्धवर्तुळासाठी कंबरेला 3.14 ने भागलं की आतली त्रिज्या 8.9 इंच मिळते. तीत 36 मिळवून बाहेरची कमान मारली की खालचा घेर सुमारे 141 इंच होतो. कापड किती? मोठ्या पाकळीतून लहान पाकळी वजा करता येते, पण त्याहून सोपं असं: दोन्ही कमानींची सरासरी 84.5 इंच, गुणिले उंची 36, म्हणजे 3042 चौरस इंच. प्रत्यक्ष कापड याहून जास्त घ्यावं लागतं, कारण पन्हा ठरलेला असतो आणि कोपऱ्यांचं कातरण वाया जातं.

दोन कमानींची सरासरी गुणिले मधलं अंतर. हे तर समलंब चौकोनाचं सूत्र. पाकळी वाकलेला त्रिकोण असेल तर पाकळीचा पट्टा वाकलेला समलंब चौकोन असणारच.

इथं त्या महत्त्वमापनाच्या प्रकरणाबद्दल एक तक्रार मनापासून करावीशी वाटते. त्याच प्रकरणात शंकू आहे, शंकूछेद आहे. शंकूचं वक्रपृष्ठफळ πrl, शंकूछेदाचं πl(r₁ + r₂), ही सूत्रं मुलं स्वतंत्र म्हणून घोकतात. दाणेवाला कागद गुंडाळून पुडी करतो ती उलगडून सपाट केली तर काय दिसतं? पाकळी. तिची त्रिज्या म्हणजे शंकूची तिरकस उंची, तिचा कंस म्हणजे पुडीच्या तोंडाचा परीघ. कंस गुणिले त्रिज्या भागिले दोन: 2πr × l ÷ 2, म्हणजेच πrl. शंकूछेद म्हणजे बादली. तळाचा परीघ, तोंडाचा परीघ, दोन्हींची सरासरी गुणिले तिरकस उंची. हा तर घागराच झाला. वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत डोशाचा तुकडा गुंडाळून टोपी करून देतात तेव्हाही हेच घडतं. चार सूत्रं पाठ करण्याऐवजी एक समजून घेतलं तर ही सगळी त्यातून निघतात, आणि परीक्षेच्या दिवशी एखादं विसरलं तरी पुन्हा उभं करता येतं. त्यात मुलाला जी निश्चिंती मिळते ती पाठांतरानं मिळत नाही.

चुका कुठे होतात तेही पाहायला हवं. कंसाच्या जागी जीवा धरणं ही सगळ्यात मोठी. वरच्याच उदाहरणात कोन 60 अंशांचा असल्यानं जीवा त्रिज्येएवढी, 21 सेमी. तिला त्रिज्येनं गुणून निम्मे केलं तर 220.5 येतं, आणि ते ना पाकळीचं क्षेत्रफळ असतं ना आतल्या त्रिकोणाचं. तो त्रिकोण 191 चौरस सेमीच्या जरासा आतच असतो, कारण त्याची उंची त्रिज्येपेक्षा कमी आहे. जीवा घेतली तर उंचीही त्रिकोणाचीच घ्यायला हवी. दुसरी चूक मोठ्या आणि लहान कंसाची अदलाबदल. पाकळीच्या परिमितीत दोन त्रिज्या मिळवायच्या राहतात ती तिसरी, पण ती एकदा आकृती काढली की सुटते. जीवेची गफलत मात्र पुढेही पिच्छा पुरवते.

वर्गाबाहेर पडलं की प्रश्नाचं रूप बदलतं. तिथं कंस सहज मिळतो, त्रिज्या मिळत नाही. घाटकोपरच्या गल्ल्यांचे कोपरे गोल केलेले असतात. पदपथाला पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत, किती चौरस मीटर लागतील? कडेवरून टेप सोडून कमान मोजता येते. पण त्या कमानीचा मध्य कुणाच्या तरी इमारतीत, भिंतीपलीकडे असतो. तिथं जाऊन टेपचं टोक धरता येत नाही.

इथं लीलावतीतलाच दुसरा नियम उपयोगी पडतो. कमानीच्या दोन टोकांना सरळ जोडणारी जीवा मोजा. तिच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर मोजा. याला आपल्याकडे शर म्हणतात. धनुष्य, दोरी आणि बाण, सगळं चित्र शब्दांतच आहे. अर्ध्या जीवेचा वर्ग भागिले शर, अधिक शर, की व्यास मिळाला. जीवा 8 मीटर आणि शर 1 मीटर असेल तर व्यास 17, त्रिज्या 8.5 मीटर. त्या कमानीवर टेप टाकला तर 8.33 मीटर भरेल. पाकळी 8.33 × 8.5 ÷ 2, म्हणजे 35.4 चौरस मीटर. त्यातून त्रिकोण 30 चौरस मीटरचा, कारण त्याची उंची 7.5. उरलेला 5.4 चौरस मीटरचा फुगवटा म्हणजे वर्तुळखंड. भिंतीपलीकडे न जाता सगळं बाहेरच्या बाहेर झालं.

हाच शर मध्य रेल्वेच्या रुळांवर रोज मोजला जातो, फक्त त्याला तिथं व्हर्साइन म्हणतात. भारतीय रेल्वेत वळणावर रुळाच्या कडेला 20 मीटरची दोरी ताणतात आणि तिच्या मध्यापासून रुळापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घेतात. 50,000 ला त्या मिलिमीटरांनी भागलं की वळणाची त्रिज्या मीटरमध्ये येते. 100 मिमी भरलं तर त्रिज्या 500 मीटर. दर 10 मीटरवर हे माप घेत जायचं. ते एकसारखं नसेल तर वळण बिघडलं आहे असं समजायचं. दोरीच्या मानानं शर फार लहान असल्यानं भास्कराचार्यांच्या नियमातला शेवटचा 'अधिक शर' इथं सोडून दिला तरी चालतो. रेल्वेतल्या वळणाचा अंशसुद्धा कंसावरूनच ठरतो: 30.5 मीटरच्या, म्हणजे 100 फुटांच्या कंसामागे रूळ जितके अंश वळतो तितक्या अंशांचं वळण. एक अंशाच्या वळणाची त्रिज्या म्हणून सुमारे 1750 मीटर धरतात. बोरीबंदर ते ठाणे ही 16 एप्रिल 1853 ची पहिली गाडी ज्या मार्गावरून गेली त्याच मार्गावर घाटकोपर आहे. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्या मुलाला गाडी वळताना डबा झुकतो तो का, हे सांगायला त्रिज्येपासूनच सुरुवात करावी लागते.

रस्त्याच्या पट्ट्याला तर त्रिज्याही लागत नाही. काटकोनात वळणारा 2 मीटर रुंदीचा पदपथ घ्या, आतली त्रिज्या 6 मीटर, बाहेरची 8. आतली कमान 9.42, बाहेरची 12.57, सरासरी 11, गुणिले 2, म्हणजे 22 चौरस मीटर. ही 11 मीटरची सरासरी म्हणजे पदपथाच्या बरोबर मधून जाणाऱ्या रेषेची लांबी. म्हणून मोजणी करणारे सेंटर लाइनवर टेप टाकतात आणि रुंदीनं गुणतात. गंमत अशी की वळण एकाच वर्तुळाचं नसलं, मधे घट्ट आणि टोकांना सैल असलं, तरी रुंदी एकसारखी आणि रेषेला काटकोनात मोजलेली असेल तर उत्तर चुकत नाही. 8 जून 2014 ला सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या 11.4 किलोमीटरच्या मार्गावरही, जिथं पुलाच्या माथ्याची रुंदी तीच राहते, तिथं वळण कसंही असो, हीच रीत चालेल. शुद्ध पाकळीचं सूत्र मात्र इतकं उदार नाही. त्याला कमानीचा प्रत्येक बिंदू मध्यापासून समान अंतरावर हवा. तव्यावर डोसा लांबट पसरला की ते लागू होत नाही.

कंसासोबत दुसरं काय हाती आहे त्यावर वाट ठरते. कंस आणि त्रिज्या असेल तर गुणा आणि निम्मे करा. कंस आणि कोन असेल तर π पासून सुटका नाही: कंसाचा वर्ग गुणिले 90, भागिले π आणि कोनाचे अंश. तिथं कोनाला दोष देण्यात अर्थ नाही, तोच तर दिलेला आहे. कंस आणि शर, किंवा कंस आणि जीवा एवढंच असेल तर?

हा प्रश्न एका मुलीनं मला विचारला होता. तिनं बांगडीचा फुटका तुकडा आणला होता. दोरा लावून तिनं त्याची बाहेरची कड मोजली, पट्टीनं टोकाटोकातलं सरळ अंतर मोजलं, आणि आता सूत्र कोणतं म्हणून माझ्याकडे पाहत राहिली. कंस आणि जीवा यांवरून त्रिज्या देणारं नेटकं सूत्र नाही. जीवा भागिले कंस हे गुणोत्तर म्हणजे अर्ध्या कोनाची ज्या (साइन) भागिले तोच अर्धा कोन रेडियनमध्ये, आणि हे समीकरण बेरीज-गुणाकार-वर्गमुळांनी उलटं सोडवता येत नाही. अंदाजानं कोन धरायचा, पडताळायचा, थोडा बदलून पुन्हा पडताळायचा. आम्ही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तेच करत बसलो. पाचव्या फेरीत आकडा थांबला. मग तिनं तुकडा पालथा ठेवून पट्टी उभी धरली आणि शर मोजून पाहिला, त्रिज्या तीच येते का ते पाहायला. दोन मिलिमीटरचा फरक आला. ती म्हणाली, "सर, दोरा सैल होता." आणि पुन्हा मोजायला बसली.